उकळत्या भूमीवरचें गांव

हल्लीं आपल्या पुष्कळ कुटुंबांतील एखादा तरी मुलगा अथवा पुतण्या न्यूझीलंडांत नोकरीनिमित्त राहतो, आणि घरांतील वडील मंडळी त्याच्याकडे दोन-तीन महिने राहून येतात. परत आल्यावर त्यांनीं काय पाहिलें म्हणून विचारावें, तर ऑकलंडचा उंच मनोरा, मोठमोठीं दुकानें आणि समुद्रकिनारा एवढ्यावर वर्णन आटोपतें. अशा मंडळींसाठीं ह्या महिन्याचें आमचें पान आम्ही रोटोरुआ नांवाच्या सरोवरकांठच्या गांवास देणार आहों. ऑकलंडपासून तें सुमारें २३० किलोमीटर, म्हणजे मोटारीनें तीन तासांच्या वाटेवर आहे. तेथें मुक्काम ठेवावा, सकाळीं न्याहारी करून निघावें आणि दिवेलागणीस घरीं परतावें, अशा सहली तेथून चोहोंकडे करतां येतात. आम्ही तेथें आमच्या पुतण्याच्या बिऱ्हाडीं तीन आठवडे होतों, त्यामुळें हें सर्व वयस्कर माणसांच्या बेतानें, सावकाश पाहावयास मिळालें.

तेथील मूळच्या माओरी लोकांच्या भाषेंत 'रोटो' म्हणजे सरोवर आणि 'रुआ' म्हणजे दोन. त्यांच्या पूर्वजांस त्या मुलखांत आढळलेलें दुसरें सरोवर, म्हणून हें नांव. सरोवराचा विस्तार सुमारें ८० चौरस किलोमीटर आहे. दोन लक्षांहून अधिक वर्षांपूर्वीं येथें एक प्रचंड स्फोट झाला, पोटांतील रस बाहेर पडल्यामुळें वरची जमीन खचली, आणि त्या खळग्यांत पाणी सांचून हें सरोवर झालें. म्हणजे गांव ज्वालामुखीजवळ वसलें आहे असें म्हणणें पुरेसें नाहीं. तें ज्वालामुखीच्या तोंडांतच वसलेलें आहे.

गांवांत शिरल्याची वर्दी प्रथम नाकास मिळते. भूमींतून सर्वकाळ गंधकयुक्त वायु निघत असतो, आणि त्याचा वास, नासलेल्या आमटीचें भांडें चार दिवसांनीं उघडावें, तसा येतो. दोन दिवसांत नाकास त्याची संवय होते, पण चांदीस होत नाहीं. सूनबाईंच्या जोडव्यांस आणि देवघरांतील चांदीच्या रांगत्या बाळकृष्णास तेथें वारंवार काळिमा चढतो आणि चिंच लावून घासण्याचें काम वाढतें. जाणाऱ्यांनीं चांदीचे जिन्नस इकडेच ठेवून जावें. ज्यांस दम्याचा विकार आहे त्यांनीं तर वैद्याचा सल्ला घेतल्यावांचून तेथें मुक्काम लांबवूं नये.

आमचें जाणें केवळ हवापालटासाठीं नव्हतें. पुतण्यानें तेथें विकत घेण्याकरितां एक घर पाहून ठेविलें होतें. पुढें अंगण, मागें लिंबाचीं दोन झाडें, आणि कुंपणापलीकडे शेजाऱ्याच्या आवारांत जमिनींतून सदोदित वर जाणारी वाफेची एक बारीक रेघ. ती रेघ पाहतांच आमच्या थोरल्या वहिनींनीं त्या व्यवहारास साफ नकार दिला. "भावोजी, पेटत्या चुलीवर कोणी संसार थाटतें काय?" हा त्यांचा प्रश्न. पुतण्याचें म्हणणें असें कीं, हजारों माणसें पिढ्यान् पिढ्या येथें नांदत आहेत, तीं काय सारींच वेडीं? त्यानें बयाणा थांबविला आणि निवाडा आमच्यावर सोंपविला. आई आणि मुलगा ह्यांच्यामध्यें पंच होणें हें शाळा चालविण्याहून कठीण काम आहे. आम्हीं एवढेंच ठरविलें कीं, आधीं सर्वांनीं मिळून आसपासचा मुलूख पाहावा, मग बोलावें. त्यामुळें पुढील सहलींस आम्हांपुरतें तरी निराळें महत्त्व आलें.

पहिला दिवस फाकारेवारेवा ह्या वस्तीचा. ही गांवाच्या दक्षिण टोंकासच आहे. येथील माओरी कुटुंबें खरोखरच वाफेच्या शेजारीं राहतात. एका उकळत्या कुंडांत जाळीच्या पिशवींतून मक्याचीं कणसें सोडतात आणि थोड्याच वेळांत शिजलेलीं बाहेर काढतात. जमिनींत बसविलेल्या लाकडी पेट्यांत वाफेवर अन्न होतें, आणि सामाईक हौदांत स्नानें होतात. मणिकरणच्या कुंडांत तांदुळाची पुरचुंडी शिजवून घेणाऱ्या आपल्या यात्रेकरूंस ह्याचें नवल वाटणार नाहीं. तेथेंच 'पोहुटू' नांवाचा उष्णोदकाचा फवारा दिवसांतून अनेक वेळां उसळतो आणि कधीं कधीं ३० मीटरपर्यंत चढतो. अशा फवाऱ्यास गीझर म्हणतात. आपल्या न्हाणीघरांतील गीझरचें नांव ह्यावरूनच आलेलें असून मूळ शब्द आइसलंडचा आहे.

ह्या फवाऱ्यामागें एक तंटा आहे, आणि आमच्या मतें तो प्रत्येक गृहस्थानें ऐकण्यासारखा आहे. गांवकऱ्यांनीं आणि उपाहारगृहवाल्यांनीं आपापल्या आवारांत नळ खोल उतरवून ऊन पाणी काढण्याची चाल पाडली. फुकटचें पाणी, फुकटची ऊब, कोण सोडणार? परंतु पोटांतला सांठा सर्वांचा एकच. १९७० नंतरच्या वर्षांत फवारे मंदावले, कांहीं झरे अजीबात बंद झाले. शेवटीं सरकारनें पोहुटूपासून दीड किलोमीटरच्या आंतील सर्व नळ बंद करण्याचा हुकूम काढला आणि १९८७-८८ च्या सुमारास तो अमलांत आणला. शंभराहून अधिक नळ बुजविले गेले. लोकांनीं मोठा विरोध केला, आमच्या घरांतील ऊब हिरावणारे तुम्ही कोण, म्हणून विचारलें. पुढें कांहीं वर्षांत फवारे पुन्हा जोर धरूं लागले. ह्याच्या उलट उदाहरण दक्षिणेस वैराकेई येथें आहे. तेथें १९५८ पासून भूगर्भांतील वाफेवर वीज काढतात. वीज मिळाली, परंतु शेजारच्या खोऱ्यांतील प्रसिद्ध फवारे त्या उपशानें कायमचे मेले. आपल्याकडे एकाची बोअर खोल गेली म्हणजे शेजाऱ्याची विहीर आटते, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस अधिक सांगावयास नको.

दुसरी सहल ते वैरोआ ह्या गाडल्या गेलेल्या खेड्याची. अंतर जेमतेम १५ किलोमीटर. वाटेंत एक निळें आणि एक हिरवें अशीं दोन सरोवरें लागतात. हिरवें सरोवर माओरी लोक 'टापू' म्हणजे पवित्र आणि म्हणून निषिद्ध मानतात, त्यांत कोणी पोहत नाहीं. पुतण्याच्या मुलानें लगेच विचारलें, "आजोबा, हें आपलें 'तपस्'च ना?" शिवाय रताळ्यास हे लोक 'कुमारा' म्हणतात, तोहि शब्द त्यानें पुराव्यादाखल पुढें केला. बालबुद्धीचें कौतुक वाटलें, पण आम्हीं त्यास सांगितलें कीं, नुसत्या ध्वनिसाम्यावरून नातें जोडलें तर जगांतील कोणत्याहि दोन भाषा बहिणी ठरतील. रताळें मूळ अमेरिका खंडांतलें. युरोपियन लोक येण्यापूर्वींच पॅसिफिकच्या बेटांवर तें पोंचलें होतें, आणि तिकडील कांहीं भाषांत असाच शब्द आहे. तेव्हां शोध करावयाचा तर त्या दिशेनें.

ते वैरोआ येथें पूर्वीं तुहौरांगी नांवाच्या माओरी कुळाची वस्ती होती. जवळच्या रोटोमाहाना सरोवराच्या कांठीं दोन अद्भुत जागा होत्या. उकळत्या झऱ्यांच्या पाण्यांतील गारेचा अंश थरावर थर बसून टेकडीच्या उतारावर, जणूं नदीच्या घाटाप्रमाणें, पायऱ्याच पायऱ्या झाल्या होत्या. एका ठिकाणीं शुभ्र आणि दुसऱ्या ठिकाणीं गुलाबी. प्रत्येक पायरींत कोंबट पाणी भरलेलें. ह्या पाहण्यासाठीं युरोपांतून लोक कित्येक आठवडे जहाजांत काढून येत. तुहौरांगींच्या स्त्रिया वाटाड्याचें काम करीत आणि त्यांत सोफिया हिनेरांगी ही विशेष नांवाजलेली होती. पैसा इतका आला कीं, हिनेमिही नांवाच्या त्यांच्या सभागृहांतील कोरीव मूर्तींच्या डोळ्यांत शिंपल्याऐवजीं सोन्याचीं नाणीं बसविलीं होतीं.

३१ मे १८८६ रोजीं सोफिया प्रवाशांस नावेंतून नेत असतां, सरोवरावर एक जुन्या धर्तीची होडी दिसली आणि दिसेनाशी झाली, असें नावेंतील अनेकांनीं सांगितलें. माओरींनीं तो अपशकुन मानला. त्या दृश्याचा उलगडा काय असेल तो असो. दहा दिवसांनीं, १० जूनच्या मध्यरात्रीनंतर, भूकंपाचे धक्के सुरू झाले आणि टारावेरा पर्वत उभा चिरला. सुमारें १७ किलोमीटर लांबीची भेग पडली. रोटोमाहाना सरोवराचा तळच फुटला आणि उकळता चिखल उजाडेपर्यंत खेड्यांवर पडत राहिला. सुमारें १२० माणसें मेलीं, तीं बहुतेक माओरी. त्या पायऱ्या नाहींशा झाल्या. त्यांचा कांहीं भाग सरोवराच्या तळाशीं अगर राखेखालीं शिल्लक आहे कीं नाहीं, ह्यावर विद्वानांचा वाद अद्याप चालूं आहे. सोफियाची झोंपडी उतरत्या छपराची आणि भक्कम लांकडाची होती, तिच्यांत साठांहून अधिक जीव वांचले. तुहोटो नांवाचा एक अतिवृद्ध उपाध्याय चिखलाखालून चौथ्या दिवशीं जिवंत निघाला. आपत्ति त्याच्याच शापानें आली असें कित्येकांचें म्हणणें होतें, म्हणून त्याच्या लोकांनीं त्यास खणून काढण्यास हात लावला नाहीं. पुढें थोड्याच दिवसांत तो रोटोरुआच्या रुग्णालयांत वारला.

आज तेथें खणून काढलेल्या घरांचे अवशेष झाडींत जागजागीं दाखवितात. कोठें भिंतीचा तळ, कोठें चूल. आमच्याबरोबरचे कांहीं प्रवासी त्यांच्यापुढें उभे राहून हंसत छायाचित्रें घेत होते. माणसें मेलेल्या जागीं किंचित् गंभीर असावें एवढें वळण मुलांस घरांतूनच लागावयास पाहिजे. वहिनी मात्र प्रत्येक फलक आमच्याकडून वाचवून घेत होत्या. शेवटीं त्यांनीं विचारलें, "वांचलेलीं माणसें गेलीं कोठें?" आम्हीं सांगितलें कीं, त्यांतील पुष्कळांस आप्तांनीं फाकारेवारेवा येथें जागा दिली, काल जेथें मका शिजतांना आपण पाहिला तेथें वाटाड्याचें काम करणारे लोक त्यांचेच वंशज. वहिनी बराच वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "म्हणजे एका चुलीवरून उठले ते दुसऱ्या चुलीवर बसले." त्यांच्या बोलण्यांत निषेध होता कीं आदर, तें आम्हांस त्या वेळीं उमगलें नाहीं.

टारावेरा पर्वतावर जावयाचें तर तो माओरींच्या खाजगी मालकीचा असल्यामुळें वाटाड्याबरोबरच जावें लागतें. आमच्या गुडघ्यांनीं तो प्रश्न निकालांत काढला.

तिसरी सहल वाइमांगूच्या खोऱ्याची, आणि एकच जागा पाहावयाची असेल तर आम्ही हीच सांगूं. १८८६ च्या त्या रात्रीपूर्वीं तेथें हीं कुंडें, हे झरे कांहींच नव्हतें. वाट उताराची आहे आणि खालून परत आणण्यास गाडी असते, म्हणून म्हाताऱ्यांची सोय चांगली. वाइमांगू म्हणजे काळें पाणी. हें नांव ऐकून वहिनींनीं "अंदमान काय?" म्हणून विचारलें, पण तें पडलें त्या फवाऱ्यावरून. १९०० ते १९०४ ह्या काळांत तेथें काळ्या, गढूळ पाण्याचा फवारा कधीं कधीं ४०० मीटरांहूनहि उंच उसळे. जगांत तेवढा मोठा दुसरा कोणीं नोंदविलेला नाहीं. १९०३ च्या ऑगस्टांत फार जवळ गेलेलीं चार माणसें त्यानें घेतलीं. १९१७ सालीं पुन्हा स्फोट होऊन उतारूंच्या घरांतील दोघे मेले, आणि त्या खळग्यांत आज ऊन पाण्याचें एक विस्तीर्ण तळें वाफाळत असतें. त्याच्या जवळच फिकट निळ्या पाण्याचें एक कुंड आहे. त्याचें पाणी सुमारें ३८ दिवसांच्या फेऱ्यानें भरतें आणि ओसरतें. चंद्राच्या तिथींशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं, हें आम्हीं मुद्दाम विचारून घेतलें.

वाइ-ओ-टापू हें ठिकाण सुमारें ३० किलोमीटरांवर आहे. तेथें नारिंगी कांठाचें, ७४ अंश उष्णतेचें मोठें कुंड आहे, तें अवश्य पाहावें. परंतु रोज सकाळीं सव्वादहा वाजतां तेथील फवारा साबण घालून उसळवितात आणि भोंवतीं शेंकडों माणसें टाळ्या वाजवितात, तो प्रकार आम्हांस रुचला नाहीं. मूळ गोष्ट मात्र गमतीची आहे. १९०१ सालीं तुरुंगांतून कामावर आणलेल्या कैद्यांनीं ऊन पाण्यांत कपडे धुवावयास साबण घातला, आणि कपडे एकदम आकाशांत गेले! ह्या धोब्यांस कोणी शिकविलें नव्हतें. साबणानें पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण कमी होतो आणि खालचें कोंडलेलें उष्ण पाणी एकदम उफाळतें.

टाऊपोचें सरोवर ८० किलोमीटर दक्षिणेस असून एका दिवसांत होतें. ६१६ चौरस किलोमीटरचें तें पाणी आणि हुका येथील धबधबा डोळे भरून पाहावा. धबधबा उंचीनें फक्त ११ मीटर, पण दर सेकंदास दोन लक्ष वीस हजार लिटर पाणी त्या अरुंद खिंडींतून जातें. हें सरोवरहि ज्वालामुखीचें मुखच आहे.

फाकारी बेटाविषयीं मात्र सविस्तर सांगणें अवश्य आहे, कारण जुन्या प्रवासपुस्तकांत त्याची शिफारस अद्याप वाचावयास मिळते. हें धुमसतें बेट किनाऱ्यापासून ४८ किलोमीटरांवर समुद्रांत आहे आणि पूर्वीं तेथें दिवसाच्या सहली नित्य जात. ९ डिसेंबर २०१९ रोजीं दुपारीं दोन वाजून अकरा मिनिटांनीं तेथें स्फोट झाला. बेटावर ४७ माणसें होतीं, त्यांतील २२ मृत्यु पावलीं, उरलेल्यांपैकीं बहुतेक भयंकर भाजलीं. तीन आठवडे आधीं शास्त्रज्ञांनीं धोक्याची पायरी एकानें चढविली होती, तरी सहली चालूं राहिल्या. पुष्कळसे प्रवासी मोठ्या जहाजानें येऊन एका दिवसाची मौज म्हणून गेलेले, त्यांत आईबापांबरोबर आलेलीं मुलेंहि होतीं. तेव्हांपासून बेटावर सहली उतरत नाहींत. वाइमांगूच्या आखलेल्या वाटेवरून चालणें आणि जिवंत ज्वालामुखीच्या मुखांत उतरणें, दोन्हींस 'सहल' हा एकच शब्द लावतात, येथेंच घोंटाळा आहे. कोणत्याहि ठिकाणीं पाऊल टाकण्यापूर्वीं धोक्याची चालूं पायरी कोणती, हें विचारावें. तेथील सरकारी भूगर्भसंस्था ती रोज जाहीर करते.

स्नानाविषयीं एक सूचना. तीर्थांत बुडी मारण्याची आपली रीत. परंतु तेथील ऊन पाण्याच्या कुंडांत डोकें कधींहि बुडवूं नये. अशा पाण्यांत एक सूक्ष्म जीव असण्याचा संभव असतो. तो नाकावाटे मेंदूस पोंचला तर रोगी सहसा वांचत नाहीं. तशा पाट्याहि लावलेल्या असतात. गळ्यापर्यंत बसावें, थोडक्यांत उठावें, मुलांस तोंडानें पाणी उडवूं देऊं नये. आरवली, तुरळ, राजवाडी, वज्रेश्वरी येथील आपलीं कुंडें पाहिलेल्यांस हें सारें सारखेंच वाटेल. पण आपल्याकडील पाणी खोल भेगांतून जाऊन तापून वर येतें, खालीं जिवंत ज्वालामुखी नसतो. आपला सह्याद्रि अग्निरसाचाच खरा, परंतु त्या गोष्टीस साडेसहा कोटि वर्षें झालीं. ज्या कातळावर वहिनींचें माजघर उभें आहे तो कातळ एके काळीं वाहत होता, हें त्यांस त्या रात्रीं प्रथमच कळलें.

घराचा निवाडा असा झाला. गांवांत राहूं नये, हें वहिनींचें म्हणणें आम्हीं मान्य केलें नाहीं; पाहिलेलें घर चांगलें आहे, हें पुतण्याचें म्हणणेंहि आम्हीं ऐकलें नाहीं. आम्हीं त्यास जमिनीचा नगरपालिकेचा अहवाल आणावयास लाविलें. त्यांत त्याच आवारांत एक जुना, बुजविलेला नळ असल्याची नोंद निघाली. अशा जागीं वाफ पुन्हा वाट काढूं शकते. गांवांतील कुइराऊ बागेंत २००१ च्या जानेवारींत एकाएकीं चिखल आणि दगड उडाले, तेंहि पुतण्याच्या स्मरणांत नव्हतें. भूकंप व ज्वालामुखीसाठीं तेथें १९४५ पासून चालत आलेली सरकारी विम्याची योजना आहे, ती चांगलीच. पण विम्यानें पैसे मिळतात, झोंप मिळत नाहीं. तें घर सोडलें. सरोवराच्या पलीकडे, टेकडीच्या अंगास, वाफ नसलेली जागा पाहावी असें ठरलें, आणि वहिनींनीं आपल्या पाटल्या मोडून त्यांत रक्कम घालण्याचें आपण होऊन सांगितलें. आमची पंचाईत तेथें संपली.

शेवटच्या दिवशीं होडींतून मोकोइया बेट पाहिलें. तें सरोवराच्या मध्यभागीं आहे. हिनेमोआ नांवाच्या कन्येचें मन त्या बेटावरील तूतानेकाई नांवाच्या तरुणावर जडलें होतें. तो रात्रीं बांसरीसारखें वाद्य वाजवी. नातलगांनीं किनाऱ्यावरच्या होड्या ओढून दूर ठेविल्या, तेव्हां तिनें कोरडे भोपळे अंगास बांधले आणि त्या स्वरांच्या रोखानें पोहत बेट गांठलें. तेथें ज्या ऊन कुंडांत तिनें अंग शेकलें, तें अजून दाखवितात. पुतण्याच्या मुलांस भोपळ्यानें माणूस तरतें हें खरें वाटेना. तेव्हां वहिनींनीं, आपण माहेरच्या विहिरींत कमरेस भोपळा बांधूनच पोहावयास शिकलों, आणि तोहि भावाचा, न विचारतां घेतलेला, अशी हकीकत सांगावयास आरंभ केला. ती होडी कांठास लागली तरी संपली नव्हती.